बढती हवी, तर खुर्ची सोडा

देशभरातल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या पगाराचा हिशोब पुण्यात होतो, हे निम्म्या पुणेकरांना माहीत नसतं. गोळीबार मैदानापाशी संरक्षण लेखा विभागाचं ते कार्यालय आहे. बर्फात बसलेल्या एखाद्या मेजरचा भत्ता चुकला की तो कडकड बोटं मोडतो ती पुण्याच्या नावानं. माझा दवाखाना तिथून फार लांब नाही, साळुंके विहारच्या बाजूला. ती वसाहत मुळात फौजी लोकांसाठीच वसवलेली. त्यामुळे इतकी वर्षं मी ज्या दाढा काढल्या, त्यांतल्या बऱ्याच कर्नल, सुभेदार आणि त्यांच्या घरच्यांच्या. तोंडात औजार असताना कुणी बोलू शकत नाही, पण चूळ भरायला उठला की फौजी माणूस बोलतोच. आणि फिरून फिरून दोनच विषयांवर येतो: पेन्शन आणि बढती.

हे सगळं मी बरीच वर्षं या कानानं ऐकून त्या कानानं सोडत होतो. मग माझी भाची आर्मी डेंटल कोअरमध्ये, म्हणजे लष्कराच्या दंतवैद्यांच्या दलात गेली, शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर (ठरावीक वर्षांपुरती नोकरी), थेट कॅप्टन म्हणून. तेव्हापासून हा विषय घरात आला.

आधी पगाराचं स्पष्ट बोलू, कारण तिथं तक्रारीला फारशी जागा नाही. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे कॅप्टनचं मूळ वेतन 61,300 रुपयांपासून सुरू होतं. त्यावर 15,500 रुपये मिलिटरी सर्व्हिस पे. शिवाय खासगी प्रॅक्टिस करायची नाही म्हणून मूळ वेतनाच्या 20 टक्के भत्ता, म्हणजे 12,260 रुपये. बेरीज 89,060. त्यावर महागाई भत्ता धरला की आकडा सव्वा लाखाच्या वर जातो. आणि पुण्यात काय चित्र आहे? बीडीएस होऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या, माझ्या ओळखीतल्या मुलामुलींना कोथरूड-बाणेरच्या चकाचक दवाखान्यांत सुरुवातीला वीस-पंचवीस हजार मिळतात, तेही महिनाअखेरीला दोनदा आठवण केल्यावर. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं आहेत. गल्लीगल्लीत दाताच्या दवाखान्याची पाटी आहे. अशा वेळी वर्दी, घर, कॅन्टीन आणि वेळेवर पगार म्हणजे भाग्यच, असं भाचीच्या मैत्रिणी म्हणतात, आणि त्या काही चुकीचं बोलत नाहीत.

(त्या 12,260 रुपयांची एक गंमत सांगतो. माझ्याकडे एका दाढेचं रूट कॅनल आणि वर झिरकोनियाची कॅप, एवढ्याचं बिल साधारण तेवढंच होतं. महिनाभर प्रॅक्टिस न करण्याची किंमत एक दाढ! पण तो भत्ता महागाई भत्त्यासाठी आणि पेन्शनसाठीही धरला जातो, त्यामुळे त्याला नावं ठेवणार नाही.)

मग दुखतंय कुठं? आमच्याकडे पेशंट गालावर हात ठेवून येतो आणि भलतीच दाढ दाखवतो. दुखणं खालच्या दाढेचं असतं, कळ वरच्या दाढेत जाते. फौजी दंतवैद्यांच्या बाबतीत तसंच झालंय. सगळे बोट ठेवतात पगारावर. कीड आहे ती वर चढायच्या वाटेत.

कॅप्टनचा मेजर आणि मेजरचा लेफ्टनंट कर्नल हे ठरलेल्या वर्षांनी होतं. मेजरचं मूळ वेतन 69,400 पासून, लेफ्टनंट कर्नलचं एकदम 1,21,200 पासून. इथवर सगळं ठीक. त्यापुढे मात्र निवड. जागा किती, त्यांवर दावेदार किती, गोपनीय अहवाल कसे, निवडीचं बोर्ड कधी बसणार. आर्मी डेंटल कोअर तशी छोटी. भूदल, नौदल, हवाई दल तिघांच्याही दातांची जबाबदारी तिच्यावर, पण अधिकारी शेकड्यांत मोजायचे. वर मेजर जनरल मूठभर, आणि सर्वांत वर दंत सेवांचे महासंचालक म्हणून लेफ्टनंट जनरल एकच. आयुष्यभर कितीही उत्तम जबडे जोडले तरी संपूर्ण सैनिकी वैद्यकीय सेवेच्या प्रमुखपदाकडे दंतवैद्यानं बघायचं नाही. ते पद एमबीबीएसवाल्यांचं.

माझ्या एका पेशंटनं, निवृत्त ब्रिगेडियर, इन्फंट्रीतले, यावर मला सरळ सुनावलं होतं. "डॉक्टर, फौज म्हणजे पिरॅमिड असतो. माझ्या बॅचचे किती जण कर्नलच्या बोर्डात गळले माहितीये? त्यांनी काय दातवाल्यांपेक्षा कमी काम केलं?" मुद्दा बिनतोड वाटतो. मला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. एक तर त्यांच्या तोंडात माप घ्यायचा ट्रे घालायचा होता.

उत्तर नंतर सुचलं, ते असं. पलटणीला एकच कमांडर असतो, म्हणून जागा एकच. तिथं पद म्हणजेच काम. दाताच्या डॉक्टरचं काम पदात नसतं, हातात असतं. कृत्रिम दात बसवणारा तज्ज्ञ पन्नाशीत जे करतो ते तिशीत जमत नाही. तुटलेला जबडा प्लेट लावून जुळवताना दात पुन्हा एकमेकांवर नीट बसले पाहिजेत, हा अंदाज शेकडो केसेसनंतर येतो. आणि नेमक्या त्याच वयाला फौज त्याच्यापुढे पर्याय ठेवते: वर जायचं असेल तर प्रशासनात या. डेंटल चेअर सुटते, ऑफिसातली खुर्ची मिळते. फायली, तपासण्या, औजारांच्या खरेदीचे कागद. जो खुर्ची सोडत नाही तो मागं राहतो, जो सोडतो त्याचा हात जातो. दोन्हीकडून नुकसान पेशंटचंच, म्हणजे जवानाचं.

आता कुणी म्हणेल, दातासाठी फौजेला एवढी उठाठेव हवीच कशाला? दुखलं तर गावात दाखवावं. हा प्रश्न जुना आहे आणि इतिहासानं त्याचं उत्तर एका सेनापतीच्या दाढेतून दिलंय. 1914 साली फ्रान्समध्ये लढाई ऐन भरात असताना डग्लस हेग यांची दाढ ठणकायला लागली आणि ब्रिटिश सैन्याबरोबर एकही दंतवैद्य नव्हता. पॅरिसहून एक आणावा लागला, अशी गोष्ट सांगतात. त्यानंतर वर्ष संपायच्या आत सैन्यात दंतवैद्यांच्या नेमणुका सुरू झाल्या, आणि 1921 मध्ये ब्रिटिशांची स्वतंत्र डेंटल कोअर उभी राहिली. आपल्याकडची 4 फेब्रुवारी 1941 ची, म्हणजे दुसरं महायुद्ध चालू असताना. त्याच पहिल्या महायुद्धात खंदकातून डोकं वर काढणाऱ्या सैनिकांचे चेहरे उडाले, आणि ते पुन्हा उभे करण्याच्या कामात दंतवैद्य पुढे होते. काझांजियन हे नाव आजही चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेच्या पुस्तकात भेटतं. ते मुळात दंतवैद्य. आजही हेल्मेट डोकं वाचवतं, जॅकेट छाती वाचवतं, चेहरा मात्र उघडा असतो.

एवढं लांब कशाला जायचं, खडकवासल्याला एनडीएत जायची स्वप्नं बघणाऱ्या मुलांना विचारा. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत दातांचे गुण मोजतात. पुढचे दात, सुळे, उपदाढा यांना एकेक, दाढांना दोन-दोन, आणि तेही वरचा दात खालच्यावर नीट बसत असेल तरच. सगळं तोंड शाबूत असेल तर 22 होतात. किमान 14 लागतात. दर वर्षी सुट्टीत दोन-चार आया मुलांना घेऊन माझ्याकडे येतात, "डॉक्टर, चौदा भरतात का बघा ना." लोहगावहून उडणाऱ्या वैमानिकाच्या भरलेल्या दाढेखाली हवेचा बारीकसा बुडबुडा राहिला असेल तर वर गेल्यावर हवेचा दाब उतरतो, बुडबुडा फुगतो आणि दाढेत अशी कळ जाते की विमान सांभाळणं मुश्कील. सहा-सहा महिने जिथं हेलिकॉप्टरशिवाय पोचता येत नाही, अशा चौकीवर जाणाऱ्या जवानाची अक्कलदाढ आधीच बघितलेली बरी. आणि अपघातात शरीर ओळखण्यापलीकडे गेलं, तर अनेकदा दातांच्या नोंदीच शेवटी नाव सांगतात. हे काम नाक्यावरच्या दवाखान्यावर सोपवता येत नाही; माझाही दवाखाना नाक्यावरच आहे, म्हणून खात्रीनं सांगतो.

आता त्या अडलेल्या वाटेची तुलना सरकारच्याच दुसऱ्या दाराशी करू. केंद्र सरकारच्या नागरी सेवेतल्या डॉक्टरांना, आणि त्यांच्याबरोबर दंतवैद्यांनाही, 2008 पासून एक योजना आहे. 4, 9, 13 आणि 20 वर्षांच्या सेवेनंतर वेतनश्रेणी वर सरकते. वर जागा रिकामी आहे की नाही याची वाट बघत नाही. 20 वर्षांनी नागरी दंतवैद्य वेतनाच्या 14 व्या लेव्हलला पोचतो. फौजेत त्या लेव्हलला कोण असतो? मेजर जनरल. म्हणजे केंद्राच्या एखाद्या नागरी रुग्णालयात दात बघणारा डॉक्टर विसाव्या वर्षी जिथं असतो, तिथं वर्दीतले मूठभरच कधी तरी पोचतात. ही योजना आपल्यालाही लागू करा म्हणून वर्दीतले डॉक्टर सशस्त्र दलांच्या लवादापर्यंत गेले. सरसकट काही मिळालं नाही.

इथं मला रास्तपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नागरी डॉक्टरला मिलिटरी सर्व्हिस पे नाही, आणि 2004 नंतर लागलेल्याला जुनी पेन्शन नाही. कायम कमिशनवाल्या फौजीला आहे. त्यामुळे फक्त लेव्हलचे आकडे समोरासमोर ठेवून ऊर बडवणं बरोबर नाही. पण आकड्यांचंच म्हणाल तर अजून एक बघा. लेफ्टनंट कर्नलचं सुरुवातीचं मूळ वेतन 1,21,200, मेजर जनरलचं 1,44,200. फरक 23,000. अधिकारी काहीशे. खजिना बुडेल असं यात काहीच नाही. पैसा द्यायला अडचण नसते. अडचण असते ती खांद्यावर तारा न लावता पैसा द्यायची. वेतन आणि रँक एकमेकांना इतके चिकटलेत, की एक हलवला की दुसरा हलेल अशी भीती. आमच्या भाषेत हाडाला चिकटलेली दाढ. ओढली तर जबडा जाईल म्हणून सगळे हात आवरतात. पण अशी दाढ ओढायचीच नसते; मुळं वेगळी कापून एकेक काढायची असतात.

म्हणजे काय, तर खुर्ची न सोडणाऱ्यासाठी वेगळी शिडी. लेफ्टनंट कर्नल राहूनही, तज्ज्ञ म्हणून काम करत, ठरावीक वर्षांनी आणि कामाची कसून तपासणी झाल्यावर, वेतनाची वरची पायरी. हुकूम कुणाचा चालेल, सॅल्यूट कोण कुणाला करेल, यातलं काहीही बदलत नाही. अमेरिकेच्या सैन्यात हे वेगळ्या वाटेनं केलंय. तिथं मूळ पगार रँक आणि सेवेची वर्षं यांवर असतो, पण दंतवैद्याला त्याशिवाय तज्ज्ञतेची परीक्षा उत्तीर्ण केल्याबद्दल वेगळं वेतन आणि सैन्यात टिकून राहण्याबद्दल वेगळा बोनस मिळतो. त्यांची नक्कल करावी असं मी म्हणत नाही, त्यांच्याकडे माणसं मिळत नाहीत म्हणून ते पैसे मोजतात आणि आपल्याकडे दारात रांग आहे. रांग आहे म्हणूनच तर आपल्याकडे कुणी विचार करत नाही. एक गेला तर दुसरा येईल. येतोही. पण गेलेला असतो पंधरा वर्षांच्या हाताचा आणि येणारा असतो कोऱ्या हाताचा.

याहून जास्त मला बोचते ती शॉर्ट सर्व्हिसची गोष्ट. भाचीचं कमिशन आधी पाच वर्षांचं, मग पाच, मग चार, एकूण चौदा. मधल्या काळात कायम कमिशन मिळालं तर मिळालं. नाही मिळालं तर चाळिशीच्या उंबऱ्यावर ती बाहेर. पेन्शन लागू व्हायला वीस वर्षं लागतात, म्हणजे पेन्शन नाही. ग्रॅच्युइटीचे पैसे घ्यायचे आणि पुण्यात गाळा शोधायचा. तिच्या वयाचे जे इथंच राहिले, त्यांचे तोवर दोन-दोन दवाखाने झालेले असतात, पेशंट नावानिशी ओळखत असतात. दंतवैद्याची खरी कमाई ओळखीवर चालते आणि दर अडीच-तीन वर्षांनी पोस्टिंग बदलणाऱ्याची कुठंच ओळख होत नाही. गेल्या दिवाळीत ती आली होती तेव्हा फराळ करता करता सहज विचारल्यासारखं म्हणाली, "मामा, एनआयबीएम रोडला भाडं काय चाललंय सध्या?" तिची अजून सहा वर्षं बाकी आहेत.

आणि ज्यांना कायम कमिशनचा हक्क होता त्यांनाही तो सहज मिळालेला नाही. 2008 साली डेंटल कोअरमध्ये लागलेल्या एका महिला अधिकाऱ्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्या लागल्या तेव्हाच्या नियमांत कायम कमिशनसाठी तीन संधी होत्या. 2013 मध्ये नियम बदलले, वयाची सवलत काढली गेली आणि तिसरी संधी हातची गेली. त्यांच्यासारखेच इतर काही अधिकारी लवादाकडे गेले, त्यांना जानेवारी 2014 मध्ये दिलासा मिळाला. या बाई तेव्हा गरोदर होत्या, दिवस भरत आले होते, म्हणून अर्जदारांत त्यांचं नाव नव्हतं. तेवढ्यासाठी दहा वर्षं. अखेर 9 डिसेंबर 2024 ला न्यायालयानं त्यांना कायम कमिशन द्यायला सांगितलं, आणि एक प्रश्नही विचारला, ज्याचा आशय असा: सियाचीनमध्ये उभ्या असलेल्या सैनिकाला आपण सांगणार का, की तू कोर्टात आला नाहीस म्हणून तुला नाही?

त्याआधीच्या वर्षी आणखी एक प्रकरण. डेंटल कोअरच्याच भरतीच्या 30 जागांतल्या 27 पुरुषांसाठी, 3 बायकांसाठी. प्रवेश परीक्षेत 2,394 व्या क्रमांकापर्यंतच्या मुलांना मुलाखतीला बोलावलं, मुलींना मात्र 235 व्या क्रमांकालाच दार बंद. दंत महाविद्यालयाच्या कुठल्याही वर्गात डोकावून बघा, मुलीच जास्त दिसतील. एप्रिल 2023 मध्ये न्यायालयानं कान उपटले आणि यापुढे असा भेद राहणार नाही असं सरकारला सांगावं लागलं. दोन्ही वेळा चूक दुरुस्त झाली, पण कुणी तरी वकील लावल्यावर. नोकरीच्या शर्ती जर खटल्यातूनच सुधारत असतील, तर त्या शर्ती लिहिणाऱ्या टेबलावर दंतवैद्यांच्या बाजूनं बोलणारं कुणी बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वानवडीतून जाताना मला नेहमी एक विसंगती दिसते. तिथल्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, एमबीबीएसची मुलं सरकारच्या खर्चानं शिकतात. 1948 पासूनची ही संस्था, तिचा आम्हा पुणेकरांना अभिमान आहे. सरकार शिकवतं, बदल्यात बाँड लिहून घेतं, व्यवहार स्वच्छ. दंतवैद्य मात्र स्वतःच्या, म्हणजे आईबापांच्या, पैशानं बीडीएस होऊन येतो. पुण्यातली दंत महाविद्यालयं खासगी. त्यांची फी किती असते हे सांगायला नको. माझ्या बहिणीनं त्यासाठी गावाकडची जमीन विकली. म्हणजे फौजेला तयार, शिकलेला माणूस फुकटात मिळतो, आणि ज्याच्यावर तिनं एक रुपया घातला नाही त्याला चौदा वर्षांनी निरोप देणं तिला जड जात नाही. स्वतः पैसा घातलेला असता तर इतक्या सहज सोडलं असतं का? अमेरिकन सैन्य दंतविद्यार्थ्याची फी भरतं आणि जितकी वर्षं फी भरली तितकी वर्षं सेवा घेतं. आपण एएफएमसीच्या धर्तीवर दर वर्षी पंचवीस-तीस मुलामुलींची बीडीएसची फी भरली, दहा वर्षांचा बाँड घेतला आणि सातव्या वर्षाच्या आत कायम की नाही ते सांगून टाकलं, तर दोन्ही बाजू मोकळ्या. ज्याला जायचंय त्याला पस्तिशीच्या आत दवाखाना टाकता येईल. आणि चौदा वर्षं पूर्ण करून जाणाऱ्याला सेवेच्या प्रमाणात थोडी का होईना पेन्शन हवीच; ती न देण्याचं समर्थन मला आजवर एकाही फौजी पेशंटकडून ऐकायला मिळालेलं नाही, त्या ब्रिगेडियरसाहेबांकडूनही नाही.

आठवा वेतन आयोग आता कामाला लागलाय. ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस मंत्रिमंडळानं त्याची कार्यकक्षा मंजूर केली, अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना देसाई, मुदत अठरा महिने. निवेदनं जातील. पायदळाचं जाईल, हवाई दलाचं जाईल, डॉक्टरांचं जाईल. डॉक्टरांच्या निवेदनात दंतवैद्य एखाद्या परिच्छेदात येतील, बहुधा शेवटच्या, 'हेच दंत अधिकाऱ्यांनाही लागू करावे' अशा एका ओळीत. पण त्यांचं दुखणं 'हेच' नाही. एमबीबीएसवाल्याला बाहेर पडल्यावर रुग्णालयं हात पसरून घेतात. दंतवैद्याला गाळा, खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, सगळं पदरचं उभं करावं लागतं. तेव्हा परिच्छेद वेगळा हवा, आणि तो लिहायला डेंटल कोअरमधला मेजरच्या वयाचा कुणी तरी हवा, ज्याचा निर्णय अजून अधांतरी आहे. निवृत्तीला आलेल्यांकडून तो नको. त्यांची शिडी चढून झालेली असते आणि खाली वळून बघताना पायऱ्या नेहमीच जवळजवळ दिसतात.

ब्रिगेडियरसाहेबांची कवळी गेल्या महिन्यात तयार झाली. बसवून बघितली, खालच्या बाजूला थोडी टोचत होती, घासून दिली. माझं वरचं सगळं म्हणणं त्यांना ऐकवलं, कारण या खेपेला त्यांना तोंड बंद ठेवून चावून दाखवायचं होतं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वेगळी शिडी द्या, हरकत नाही. पण मग फील्ड पोस्टिंगला कुणी नाही म्हणायचं नाही." हे मला मान्य आहे. भाचीला फोनवर विचारलं. ती तेव्हा फील्डमध्येच होती.